पिनो न्वारची पहिली बाटली : कोणती घ्यायची, किती गार करायची, शेजारी काय वाढायचं

रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवायची नसते, असं प्रत्येकाला कधीतरी कुणीतरी सांगितलेलं असतं. मलाही सांगितलं होतं. त्यामुळे बोन गावातल्या एका लहानशा खानावळीत, जून महिन्यातल्या दुपारी, वाढणाऱ्या बाईंनी रेड वाईनच्या बाटलीच्या पोटावर तळहात टेकवला, नाक मुरडलं आणि बाटली सरळ बर्फाच्या बादलीत बुडवली तेव्हा मी दचकलोच. ‘दहा मिनिटं,’ एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. दहा मिनिटांनी जे पेल्यात आलं, त्याला चेरीचा वास होता. आधीच्या घोटाला नुसता अल्कोहोलचा भपकारा होता. बाटली तीच.

बोन हे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातलं वाईनच्या व्यापाराचं मुख्य गाव. फ्रेंच लोक या प्रांताला बूर्गोन्य म्हणतात. पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचं माहेर हेच. पिनो न्वार फ्रान्समध्ये इतरत्रही होतं, अल्सासमध्ये, लुआर खोऱ्यातल्या साँसेरमध्ये, जुरामध्ये. शँपेनमध्ये तर त्याची पांढरी वाईन होते, कारण रस पांढराच असतो, रंग सालीतून येतो. पण नवख्याने सुरुवात बर्गंडीपासून करावी असं माझं मत आहे. निदान बर्गंडीचं लेबल वाचायला शिकावं. ते जमलं की बाकीचं सोपं.

आधी द्राक्षाचा स्वभाव

घड लहान, मणी दाटीवाटीने बसलेले, पाइनच्या बोंडासारखा आकार. नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. साल पातळ. या एका गोष्टीतून या वाईनचं जवळजवळ सगळं निघतं. पातळ सालीत रंग कमी, म्हणून वाईन फिकी. पातळ सालीत टॅनिनही कमी. टॅनिन म्हणजे कडक चहा किंवा कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या आखडतात तो तुरटपणा. पिनो न्वारमध्ये तो असतो, पण जीभ धरून बसत नाही. त्याच्या जागी आंबटपणा ठसठशीत असतो.

पातळ साल म्हणजे शेतकऱ्याला ताप. पाऊस लागला की घड कुजतात. कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलमध्ये हिम पडलं तर जळतात. २०२१च्या एप्रिलमध्ये असंच झालं, त्या वर्षीचं पीक अगदी थोडं आलं. अशा रात्री तिथले बागायतदार ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवून जागतात. निफाडला पारा उतरला की बागांमध्ये शेकोट्या पेटतात, तेच चित्र. फरक इतकाच की आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या असतात. तिकडे वेल हिवाळाभर झोपते, छाटणी वर्षातून एकदाच.

इतका त्रास देणारी जात टिकली कशी? त्यात थोडी हुकूमशाहीही आहे. १३९५ साली बर्गंडीच्या फिलिप या ड्यूकने गामे नावाच्या, भरघोस पिकणाऱ्या द्राक्षाच्या वेली उपटून टाकायचा हुकूम काढला. गामे दक्षिणेकडे बोजोलेत सुखाने नांदलं, आणि इकडच्या उतारांवर पिनो न्वारचं राज्य आलं.

लेबल वाचा, पण द्राक्षाचं नाव शोधू नका

दुकानात पहिली अडचण इथेच येते. बर्गंडीच्या चांगल्या बाटल्यांवर बहुतेक वेळा ‘पिनो न्वार’ असं लिहिलेलंच नसतं. गावाचं नाव असतं, आणि रेड म्हटल्यावर द्राक्ष कोणतं हे तुम्हाला ठाऊक आहे असं गृहीत धरतात. आपणही देवगड म्हटल्यावर पुढे हापूस म्हणत नाही.

चार पायऱ्या लक्षात ठेवा. सगळ्यात खाली नुसतं ‘बूर्गोन्य’: प्रांतातली द्राक्षं कुठूनही आलेली. त्याच्यावर गावाचं नाव. त्याच्यावर ‘प्रेमिए क्रू’, म्हणजे गावातला एखादा निवडक मळा. आणि टोकावर ‘ग्राँ क्रू’. हे ३३ मळे आहेत आणि प्रांताच्या एकूण वाईनमध्ये त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का. रेड ग्राँ क्रूच्या लेबलवर गावाचं नाव नसतं, फक्त मळ्याचं असतं.

इथे एक गंमत आहे, आणि ती नवख्याला महागात पडते. एकोणिसाव्या शतकात इथल्या गावांनी आपल्या सगळ्यात नावाजलेल्या मळ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतलं. जेव्हरे गाव १८४७ साली जेव्हरे-शाँबर्तँ झालं. तेव्हा लेबलवर ‘जेव्हरे-शाँबर्तँ’ असेल तर ती गावाची वाईन. नुसतं ‘शाँबर्तँ’ असेल तर ग्राँ क्रू, आणि किंमत बघून खुर्ची धरावी लागेल. शाँबोल-म्युझिन्यी आणि म्युझिन्यी, व्होन-रोमाने आणि रोमाने-काँती, सगळीकडे हाच खेळ. रोमाने-काँती हा मळा पावणेदोन हेक्टरांच्या आसपास आहे, आणि जगातल्या सगळ्यात महागड्या वाईन त्यातून निघतात.

मळ्याचं नाव कळलं म्हणजे वाईन कळली असंही नाही. क्लो द व्हूजो हा सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांनी भिंत घालून राखलेला मळा, सुमारे ५० हेक्टर. आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. नेपोलियनच्या काळात वारसाहक्काचा कायदा आला, सगळ्या मुलांना समान वाटा, आणि सातबाऱ्यावर चुलतभावांची नावं वाढत जावीत तसं झालं. कुणाच्या वाट्याला आज वेलींच्या चार-सहा ओळीच आहेत. एकाच भिंतीच्या आतला एक मालक मन लावून काम करतो, दुसरा नावावर खातो. म्हणून बर्गंडीत लेबलवरचं सगळ्यात महत्त्वाचं नाव उत्पादकाचं.

उत्पादक दोन प्रकारचे. ‘दोमेन’ म्हणजे स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाईन करणारे. ‘मेझाँ’ किंवा नेगोसियाँ म्हणजे इतरांकडून द्राक्षं किंवा कच्ची वाईन घेऊन आपल्या नावाने भरणारे व्यापारी. लुई जादो, जोझेफ द्रुआँ, बुशार पेर ए फिस ही जुनी घराणी यातली, आणि त्यांच्या स्वतःच्याही बागा आहेत. व्यापारी म्हटलं की आपल्या मनात लगेच शंका येते. पण पहिल्या बाटलीसाठी मी मोठ्या घराण्याकडेच बोट दाखवीन. त्यांची साधी बूर्गोन्य दर वर्षी बऱ्यापैकी एकसारखी उतरते. छोट्या दोमेनची मजा दहाव्या बाटलीनंतर.

दोन सापळे सांगतो. ‘कोतो बूर्गिन्याँ’ आणि ‘बूर्गोन्य पास-तू-ग्रँ’. नावं भारदस्त, किंमत परवडणारी, पण या दोन्हींत गामे असू शकतं. वाईट नसतात, फक्त तुम्ही पिनो न्वार शिकायला बसला असाल तर भलत्याच मास्तरांच्या वर्गात जाऊन बसाल.

मग घ्यायचं काय? हात आखडता असेल तर ‘बूर्गोन्य’, तीन ते पाच वर्षं जुनी. थोडे जास्त पैसे असतील तर कोत शालोनेझ या दक्षिणेकडच्या पट्ट्यातली मेर्क्युरे किंवा जिव्ह्री ही गावं घ्या. नावाचा बोजा कमी आणि वाईन भरीव. याहून स्वस्त हवी असेल तर भूमध्य समुद्राकाठच्या पेई दॉक भागातली पिनो न्वार मिळते. तिच्या लेबलवर द्राक्षाचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं. उन्हातली असल्याने ती जास्त गोडसर वासाची आणि सरळसोट लागते. युरोपात राहणाऱ्यांना ती सुपरमार्केटात सहज सापडेल. भारतात आयात शुल्क बरीच वर्षं १५० टक्के राहिलं, त्यामुळे साधी बूर्गोन्यही साधी वाटत नाही. मित्रांनी मिळून एक बाटली काढावी. ७५० मिलीलिटरमध्ये पाच जणांचे पेले होतात. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो, तोही आधीच करून ठेवा.

घरी आणल्यावर

माझी पहिली बर्गंडी मी पुण्यात ओट्याखालच्या कपाटात ठेवली होती. एप्रिल आणि मे. जूनमध्ये वाढदिवसाला काढली तेव्हा बूच गळ्यातून पाव इंच वर आलेलं होतं आणि वाईनला उकडलेल्या मनुकांचा वास होता. दोष पूर्णपणे माझा. आपल्या उन्हाळ्यात बाटली बाहेर ठेवायची नाही. तळघर कुणाकडे असतं? फ्रिजचा भाजीचा कप्पा चालतो. महिना-दोन महिने तिथे आडवी ठेवली तर काही बिघडत नाही.

दुकानातही बघा, खिडकीतल्या उन्हात उभी असलेली बाटली स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

गार किती

चौदा ते सोळा अंश. रेड वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला जाड दगडी भिंतींच्या, थंड घरांमध्ये जन्मला. आपल्या खोलीत मे महिन्यात तीस-बत्तीस अंश असतात. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात जातं, फळाचा वास मागे पडतो आणि वाईन पातळ, गरम पाण्यासारखी लागते.

बाटली बाहेर असेल तर फ्रिजमध्ये तासभर. घाई असेल तर बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत बारा-पंधरा मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, त्याशिवाय काच सगळीकडून गार होत नाही. बाटली फ्रिजमध्येच असेल तर वाढण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. थर्मामीटरची गरज नाही. बाटलीला हात लावल्यावर माठाच्या पाण्याइतकी गार लागली की झालं. चुकायचंच असेल तर जास्त गार होऊ द्या, पेल्यात ती पाच मिनिटांत वर येते. उलटं होत नाही.

उघडणं आणि ओतणं

बुचाच्या मध्यात स्क्रू सरळ लावा, शेवटचा वेढा बाहेर ठेवा आणि सावकाश ओढा. जुन्या बाटलीचं बूच तुटलं तर घाबरू नका, चहाच्या गाळणीतून गाळा. थोडीशी ओतून वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या वर्तमानपत्राचा कुबट वास आला तर बूच खराब आहे. वाट पाहून तो जाणार नाही, बाटली परत करा.

पेला पोटाने मोठा आणि तोंडाशी आवळलेला हवा, कारण या वाईनची निम्मी मजा वासात आहे. एक तृतीयांशच भरा. मोठ्या भांड्यात ओतून तासभर ‘श्वास घेऊ देणं’ वगैरे तरुण, तुरट वाईनसाठी ठीक, साध्या बूर्गोन्यला त्याची गरज नाही. उघडल्यावर पेल्यातच ती वीस मिनिटांत बदलत जाते. ते बदलणं बघायचं तर पहिला पेला सावकाश संपवावा.

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरा. पलीकडची बोटं दिसतील. फिकी दिसली म्हणजे हलकी किंवा पाणी घातलेली असं नाही, पिनो न्वार अशीच असते. आता वास: तरुण असेल तर चेरी, रासबेरी, कधी गुलाबाच्या पाकळीसारखं काहीतरी. रासबेरी खाल्लेली नसेल तर पिकलेलं तुती आठवा, बरंच जवळ आहे. आठ-दहा वर्षांची चांगली गावाची बाटली मिळाली तर फळ मागे सरतं आणि खालून अळंबी, ओली माती, कातडं असे वास येतात. श्रावणात ताम्हिणीच्या रानात पायाखालचा पाला दाबला की जो वास येतो, त्याच्या फार जवळचा. हा वास ज्यांना आवडतो त्यांचं पुढे फार खर्चाचं होतं.

ताटात काय

आता मुख्य मुद्दा. पिनो न्वारच्या शेजारी ताट शांत हवं. ही वाईन आवाज चढवत नाही. मसाल्याने आवाज चढवला की ती गप्प बसते.

तिखट तर मुळीच नको. मिरचीने जीभ पोळलेली असताना अल्कोहोल त्यात तेल ओततं. तांबडा रस्सा, सावजी, मालवणी कोंबडी वडे, यांच्यासोबत बर्गंडी म्हणजे दोघांचाही अपमान. त्यांच्याबरोबर सोलकढी किंवा गार बिअर घ्या. गुळाचा आणि चिंचेचा हात लागलेल्या भाज्याही जमत नाहीत. जेवण गोड असलं की वाईन नुसती आंबट लागते. लोणचं बाजूला ठेवा.

बर्गंडीत काय खातात ते बघितलं की नियम आपोआप कळतो. तिथलं प्रसिद्ध ‘बफ बूर्गिन्याँ’ म्हणजे गोमांस, कांदे, गाजर आणि अळंबी रेड वाईनमध्ये तासन्‌तास शिजवलेली. ‘कोक ओ व्हँ’ म्हणजे तशीच कोंबडी. शेजारच्या ब्रेस भागातली कोंबडी तर इतकी नावाजलेली, की १९५७पासून तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. या पदार्थांत सावकाश शिजवलेलं मांस, लोणी, अळंबी आणि थोडी पानं असतात. मिरची नाही, मसाल्यांचा मारा नाही. वाईनचा आंबटपणा लोण्याची चरबी कापतो, म्हणून पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. अळंबीचा मातकटपणा वाईनच्या मातकटपणाला जाऊन मिळतो.

पहिल्या संध्याकाळी मी दोनच पदार्थ सुचवीन.

एक, भाजलेली कोंबडी. दुकानात सांगून स्किनसकट मागा, नाहीतर आपल्याकडे ते सोलूनच देतात. सव्वा किलोची कोंबडी आतून-बाहेरून पुसून कोरडी करा. मीठ, ठेचलेला लसूण, जाडसर मिरी आणि दोन मोठे चमचे लोणी कातडीखाली बोटांनी पसरा. दोनशे अंशांवर साधारण एक तास. मांडीत सुरी खुपसल्यावर पाणी स्वच्छ आलं की झाली. दही नाही, तिखट नाही, हळद नाही. घरातले म्हणतील हे काय पांढरं पांढरं. म्हणू द्या. तळाशी जो रस जमतो तोच वाईनचा खरा सोबती, तो फेकू नका.

दोन, अळंबी. शाकाहाऱ्यांसाठी तर हीच मुख्य. बटण अळंबी धुऊन नव्हे, ओल्या फडक्याने पुसून घ्या. तवा चांगला तापू द्या, कोरड्या तव्यात अळंबी टाका, गर्दी करू नका. आधी त्या पाणी सोडतील, चरचर थांबेल, वाटेल बिघडलं. हलवत राहा. पाणी आटून पुन्हा चरचर सुरू झाली आणि कडा तपकिरी झाल्या की मग लोणी, लसूण, शेवटी मीठ. मीठ आधी घातलं तर त्या उकडतात, भाजत नाहीत. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात रानअळंबी मिळाली, आणि ओळखणारा माणूस सोबत असेल, तर याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

आपल्या रोजच्या स्वयंपाकातलं काय जमतं, हे मी बरेच दिवस करून बघितलं. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरवी मिरची वगळून, फक्त लसूण-कांदा-तेल, फार छान लागतं. धूर आणि पिनो यांचं जमतं. लसणीच्या तुपाच्या फोडणीचं साधं मसूर चालतं. मटण असेल तर अळणी, मिरी-तमालपत्रावर शिजवलेलं. पांढऱ्या रश्श्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. नारळाचं दूध आणि खसखस वाईनला जरा झाकून टाकतात.

मासे? रेडबरोबर मासे नाहीत हाही एक ऐकीव नियम. टॅनिनने माशाच्या तेलाला लोखंडासारखी चव येते असं म्हणतात, पण इथे टॅनिन कमी असतं. सॅमन, टूना किंवा लोण्यात परतलेला रावस चालतो. बांगडा नको, त्याचं तेल फार. रवा लावून तिखट-हळदीत तळलेली सुरमई मात्र दुसऱ्या कुठल्या तरी पेयाची.

चीजमध्ये बर्गंडीचं स्वतःचं एपुआस आहे, द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेल्या ब्रँडीने धुऊन मुरवलेलं. त्याचा वास असा, की फ्रिज उघडताच घरचे चौकशी करतात. तिथे ते पिनोबरोबर खातात. मला विचाराल तर ते वाईनला गिळून टाकतं. ब्री किंवा मुरलेलं काँते जास्त सोयीचं.

उरली तर

बूच परत लावताना लाल डाग असलेलीच बाजू आत जाऊ द्या, बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. तिसऱ्या दिवशी पेलाभर उरलीच असेल तर बोनच्या त्या बाईंची अंडी करा. चमचाभर लोण्यात एक कांदा आणि चार अळंबी परता, चिमूटभर कणीक भुरभुरा, वाईन आणि तेवढंच पाणी ओता, मीठ घाला आणि निम्मं होईपर्यंत आटवा. रंग जांभळट-तपकिरी आणि दिसायला अजिबात देखणा नसेल, ते बरोबर आहे. आच मंद करून त्यात दोन अंडी अलगद फोडून सोडा, झाकण ठेवा, तीन मिनिटं. बलक वाहता राहिला पाहिजे. लसूण चोळून भाजलेला पाव आधीच ताटात तयार हवा, नाहीतर तो आणायला जाल तोवर अंडी घट्ट होतील.